‘अडचण नाही’ म्हणण्याचा अधिकार

१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या केंद्र सरकारने ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ लोकांसाठी खुले केले. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याची अंमलबजावणी मुख्यतः त्यावर अवलंबून होती. ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही त्यांनी तिथे खाते काढायचे, योजनांची तुलना करायची आणि आपल्याला परवडेल तो विमा घ्यायचा, अशी योजना होती. एका वेळी पन्नास-साठ हजार लोक येतील असा अंदाज होता. आले अडीच लाखांपर्यंत. पाने उघडेनात, खाती तयार होईनात. पहिला दिवस संपला तेव्हा नोंदणी पूर्ण झालेल्यांची संख्या होती सहा. प्रतिनिधिगृहाच्या समितीने नंतर खुल्या केलेल्या अंतर्गत टिपणांतून हा आकडा बाहेर आला. गर्दीचा अंदाज चुकला ही मोठी चूक खरी, पण ती समजू शकते. त्याहून गंभीर गोष्ट पुढे उघड झाली. दुरुस्तीसाठी ऑक्टोबरात बाहेरून बोलावलेल्या अभियंत्यांना असे दिसले, की संकेतस्थळ कसे चालले आहे हे एका नजरेत सांगणारा डॅशबोर्डच तिथे नाही. आत्ता किती लोक आत आहेत, एक पान उघडायला किती सेकंद लागतात, गाडे नेमके कुठे अडते, हे पाहायची एकही जागा नव्हती. स्टीव्हन ब्रिल यांनी २०१४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात या सुटकेची हकिगत लिहिली आहे. तिच्यानुसार या अभियंत्यांनी आल्या आल्या जे काम हाती घेतले ते असा डॅशबोर्ड उभा करण्याचे होते. पाने उघडायला सरासरी आठ सेकंद लागत होते. महिनाभरात तो वेळ एका सेकंदाच्या खाली आला. पाहण्याची सोय झाली आणि मग दुरुस्तीला दिशा मिळाली.

ही घटना सहसा सरकारी ढिसाळपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला मात्र तिच्यात ज्ञानशास्त्रातला एक जुना प्रश्न दिसतो आणि त्या प्रश्नाला चिकटलेला नीतीचा प्रश्नही. ‘अडचण आहे’ असे म्हणायला एक तक्रारदार पुरतो. ‘अडचण नाही’ असे म्हणायला काय लागते? एखादी गोष्ट नाही हे आपल्याला कळते तरी कसे? कुठल्याही संकेतस्थळाच्या प्रतिसादवेळेवर पहारा बसवणारा माणूस दर मिनिटाला हेच विधान करत असतो. पडद्यावर हिरवी पट्टी असते, अलर्ट आलेला नसतो, आणि त्यावरून तो म्हणतो की सगळे सुरळीत आहे, कुणीही ताटकळत नाही. हे अभावाचे विधान आहे. भारतीय दर्शनांनी अशा विधानांची जितकी कसून तपासणी केली तितकी फार थोड्या परंपरांनी केली असेल. सातव्या शतकाच्या सुमारास मीमांसक कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त अभावाच्या ज्ञानासाठी स्वतंत्र प्रमाण मानले, पुढे अद्वैत वेदान्त्यांनी ते अनुपलब्धी या नावाने आपलेसे केले. प्रभाकरांच्या अनुयायांना ते मान्य नव्हते. जमिनीवर घट नाही हे कळणे म्हणजे नुसती मोकळी जमीन दिसणे, त्याहून वेगळे काही नाही, असे ते म्हणत. नैयायिकांच्या मते अभावही डोळ्यांनाच दिसतो. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी न दिसणे हा अनुमानाचा एक हेतू ठरवला. हा वाद शतकानुशतके चालला.

वाद चालला तो या ज्ञानाचे खाते कोणते यावर. एका अटीबाबत मात्र या पक्षांचे बरेचसे जुळते, आणि आपल्या कामाची आहे ती हीच अट. न दिसल्यावरून ‘नाही’ असा निष्कर्ष काढायचा असेल, तर ती वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. उजेड आहे, डोळे धड आहेत, मी जमिनीकडे पाहतो आहे. घट असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणून नाही. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. ज्याला स्वभावानेच डोळ्यांना दिसता येत नाही, त्या पिशाचाबद्दल भर उजेडातही ‘दिसले नाही, म्हणून नाही’ असे म्हणता येत नाही. या अटीला परंपरेत योग्यता म्हणतात. धर्मकीर्तींनी तर न दिसण्यावरून निष्कर्ष काढू नये अशा गोष्टींची वर्गवारीच केली. काही गोष्टी देशाने, म्हणजे स्थळाने, दूर असतात. काही काळाने दूर असतात. काही स्वभावाने दूर असतात. यांच्याबद्दल आपल्याला काही दिसत नसेल, तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे नसते, ‘ठरवता येत नाही’ असे असते. माझे म्हणणे असे की प्रतिसादवेळेच्या पहाऱ्यातली जवळपास प्रत्येक फसगत या तीनपैकी एका दूरपणाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होते. आणि हे दुर्लक्ष नुसती तांत्रिक चूक राहत नाही. त्याचा भार ठरावीक लोकांवरच पडत असल्यामुळे तो नीतीचा प्रश्न होतो.

पहिला दूरपणा स्थळाचा. बहुतेक पहाऱ्यांत एक छोटा प्रोग्रॅम ठरावीक वेळाने संकेतस्थळाला साद घालतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते नोंदवतो. हा प्रोग्रॅम अनेकदा त्याच डेटा सेंटरमध्ये, किंवा त्याच्याइतक्याच चांगल्या जोडणीच्या दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये बसलेला असतो. त्याला उत्तर मिळते सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या हिश्शात. तेच पान डोंगराआडच्या वाडीत, एखादी रेघ जेमतेम टिकवून धरणाऱ्या मोबाइलवर, चार वर्षे जुन्या स्वस्त फोनमध्ये उघडते तेव्हा काय होते, याचा त्या नोंदीत मागमूस नसतो. सर्व्हरने उत्तर पाठवले इथे सर्व्हरचे काम संपते. माणसाचे थांबणे तिथे सुरू होते. चित्रे उतरायची असतात, स्क्रिप्ट चालायच्या असतात, त्या क्षीण जोडणीवरून शंभर बारीक मागण्या जाऊन यायच्या असतात. म्हणून सर्व्हरची नोंद ‘मी दिले’ एवढेच सांगते, ‘त्याला मिळाले’ असे सांगत नाही. सेवा देणाऱ्या कुणालाही हा फरक नवा नसावा. रेशन दुकानाच्या वहीत धान्य वाटल्याची नोंद आहे एवढ्यावरून ते घरात पोचले असे आपण मानत नाही. पडद्यावरच्या आकड्यापुढे मात्र ही सावधगिरी गळून पडते, कारण आकडा नेमका दिसतो आणि नेमकेपणाला आपण खरेपणा समजून बसतो.

दुसरा दूरपणा काळाचा, आणि तो सर्वांत फसवा आहे, कारण तो हिशेबाच्या आत लपतो. शंभर मागण्या आल्या असे धरू. त्यांपैकी पंचाण्णवांना ०.२ सेकंदात उत्तर मिळाले आणि पाचांना ३० सेकंद थांबावे लागले. सरासरी निघते १.६९ सेकंद. अहवालात हा आकडा ठीकठाक दिसेल. पण १.६९ सेकंद हा अनुभव या शंभरांपैकी एकालाही आलेला नाही. ज्यांचे काम लगेच झाले त्यांच्यापेक्षा तो वाईट आहे आणि जे ताटकळले त्यांच्या यातनेच्या तो जवळपासही नाही. म्हणून जाणकार पर्सेंटाइल वापरतात. किती टक्के लोकांना अमुक वेळाच्या आत उत्तर मिळाले ते पाहतात. पण याच उदाहरणात पंचाण्णवावे पर्सेंटाइल काढले तर ते ०.२ सेकंद येते, म्हणजे ते पाच जण पूर्णच नाहीसे होतात. नव्व्याण्णवावे काढले तर ३० सेकंद येते आणि ते अचानक समोर उभे राहतात. माहिती तीच, घटना तीच. कुठे रेघ ओढली यावर कोण दिसेल ते ठरले. गूगल आपल्या वेगाच्या निकषांसाठी पंचाहत्तरावे पर्सेंटाइल धरते. या निवडीला तिची कारणे आहेत, पण तिचा अर्थही स्पष्ट असावा: त्या रेघेवर संकेतस्थळ ‘चांगले’ ठरले तरी चौथ्या हिश्शातल्या भेटींबद्दल काहीच म्हटलेले नसते. पाच टक्के म्हणजे थोडेच, असे वाटत असेल तर आणखी एक हिशेब पाहावा. जेफ्री डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की एकेक सर्व्हर शंभरात एकदाच रेंगाळत असला, पण एका मागणीसाठी अशा शंभर सर्व्हरांना विचारावे लागत असले, तर ६३ टक्के मागण्या रेंगाळतात. शेपटीत, म्हणजे सर्वांत मंद टोकाला, राहणारे थोडे असतात हा समजच मुळात कच्चा आहे.

काळाच्या याच दूरपणाचे आणखी एक रूप आहे, आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, पहारा देणारा प्रोग्रॅम दर सेकंदाला एक मागणी पाठवतो, पण आधीच्या मागणीचे उत्तर आल्याशिवाय पुढची पाठवत नाही. पहिली शंभर सेकंदे सर्व्हर उत्तम चालतो; शंभर मागण्या जातात, प्रत्येकीला ०.१ सेकंदात उत्तर येते. मग सर्व्हर गोठतो आणि पुढची शंभर सेकंदे जागचा हलत नाही. आपला पहारेकरी एक मागणी पाठवून निमूट थांबून राहतो. शेवटी सर्व्हर जागा होतो आणि ते एक उत्तर शंभर सेकंदांनी येते. नोंदवहीत आता १०१ ओळी आहेत: शंभर चांगल्या, एक वाईट. नव्व्याण्णवावे पर्सेंटाइल पाहिले तरी ०.१ सेकंद. प्रत्यक्षात निम्मा वेळ सेवा बंद होती आणि त्या वेळात आलेला प्रत्येक माणूस दारात उभा होता. गिल टेने या अभियंत्याने हा दोष नावानिशी दाखवून दिला, तेव्हा नावाजलेल्या अनेक मापनसाधनांत तो सापडला. यातली गोम अशी, की ज्या क्षणी दुःख सर्वाधिक होते नेमक्या त्याच क्षणी मापनाने डोळे मिटले, आणि तेही आपण डोळे मिटले याची नोंद न करता. दिवसाची सरासरी काढणारे पहारेही दुसऱ्या वाटेने इथेच पोचतात. रेल्वेची तत्काळ तिकिटे वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता आणि इतर डब्यांसाठी ११ वाजता खुली होतात. त्या पहिल्या काही मिनिटांत कुणाला घरी जायला मिळणार ते ठरते. अशा सेवेचा चोवीस तासांचा सरासरी आकडा कितीही सुंदर असला, तरी तो त्या मिनिटांबद्दल मुका असतो.

तिसरा दूरपणा स्वभावाचा. काही दुःखे अशी असतात की त्यांच्या स्वरूपामुळेच ती नोंदीत येत नाहीत. खऱ्या वापरकर्त्यांचा प्रतिसादवेळ मोजणारी स्क्रिप्ट बहुधा पानाबरोबरच उतरते आणि पान उघडल्यावर आकडा पाठवते. पान उघडण्याआधीच कंटाळून जो निघून गेला त्याच्याकडे ती स्क्रिप्ट पोचलेलीच नसते. त्यामुळे नोंदीत उरतात ते टिकलेले. जे टिकू शकले नाहीत ते आकड्यांच्या दृष्टीने आलेच नव्हते. यूट्यूबमध्ये काम केलेल्या क्रिस झकारायस यांनी २०१२ मध्ये सांगितलेला अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. व्हिडिओचे पान तेव्हा सुमारे १.२ मेगाबाइटचे झाले होते. त्यांनी ते काटून शंभर किलोबाइटच्या आत आणले आणि काही लोकांसाठी सुरू केले. पान बारा पट हलके झाले, पण सरासरी प्रतिसादवेळ कमी होण्याऐवजी वाढला. कोडे सुटले ते भूगोलावर नजर टाकल्यावर. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरियाचे दूरचे भाग, इथून येणारी वर्दळ एकाएकी वाढली होती. जुने पान या लोकांकडे उघडायला वीस-वीस मिनिटे लागली असती, म्हणून ते पाहायलाच येत नव्हते. आता दोन मिनिटांत व्हिडिओ सुरू होत होता आणि दोन मिनिटे थांबायची त्यांची तयारी होती. आकडा बिघडला, कारण जे आजवर मोजलेच गेले नव्हते ते पहिल्यांदा मोजले गेले. याच आकड्यावर विसंबून कुणी ते हलके पान मागे घेतले असते, तर त्याने आकडा सुधारला असता आणि लाखो माणसे पुन्हा अदृश्य केली असती.

इथे ज्ञानाचा प्रश्न नीतीच्या प्रश्नात मिसळतो. घट आणि जमीन यांच्या उदाहरणात पाहणाऱ्याचे डोळे त्याला निसर्गाने दिलेले असतात. अंधार असला तर तो त्याने केलेला नसतो. संकेतस्थळाच्या पहाऱ्यात डोळे आपणच घडवतो. कुठून पाहायचे, दर किती सेकंदांनी पाहायचे, कोणत्या पर्सेंटाइलवर रेघ ओढायची, निघून गेलेल्यांची गणती करायची की नाही, यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवलेली असते किंवा ठरवायची राहिलेली असते. म्हणून त्या डोळ्यांना जे दिसत नाही त्याची जबाबदारी ते घडवणाऱ्यावर येते. शिवाय न दिसणारे लोक चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. जोडणी क्षीण असते ती दुर्गम भागात. फोन जुना असतो तो गरिबाचा. जास्त वेळ थांबता येत नाही ते रोजंदारीवर जाणाऱ्याला, किंवा ज्याला शेजाऱ्याचा फोन थोड्या वेळापुरता मिळाला आहे त्याला. पान उघडले नाही तर दुसरी वाट शोधण्याइतके ज्याच्या हाती काही नाही, तोच माणूस आकड्यांतून पहिल्यांदा गळतो. तक्रार करायची तर त्यासाठीही एक पान उघडावे लागते. तेव्हा ‘तक्रार आलेली नाही’ हे वाक्य त्याच्या बाबतीत समाधानाचा पुरावा ठरूच शकत नाही. वेगवान जोडणीवाल्यांच्या सुखाने अहवाल भरून काढायचा आणि त्यावर ‘जनतेला अडचण नाही’ असे लिहायचे, हे असत्य आहे. लिहिणाऱ्याच्या मनात खोटेपणा नसला, तरी ते असत्यच राहते.

याला पहिला आक्षेप परंपरेच्या आतूनच येईल, आणि तो वजनदार आहे. कुमारिलांनीच ज्ञानाचे स्वतःप्रामाण्य मांडले: झालेले ज्ञान मुळातच खरे धरावे, बाध आला तरच सोडावे. मग हिरवी पट्टी दिसत असताना ती खरी का धरू नये? शिवाय पहाऱ्यावर पहारा, त्या पहाऱ्यावर आणखी एक पहारा, असे करत गेलो तर अनवस्था होईल. कुठेतरी विश्वास ठेवावाच लागतो. यावर माझे उत्तर दोन भागांत आहे. एक म्हणजे, हिरवी पट्टी पाहून जे ज्ञान होते ते ‘पट्टी हिरवी आहे’ एवढेच. ते खुशाल स्वतःप्रमाण माना. ‘कुणीही ताटकळत नाही’ हा त्यावरून काढलेला अभावाचा निष्कर्ष आहे आणि त्याला योग्यतेची अट लागू आहे; ती अटही त्याच मीमांसकांची आहे. दुसरे म्हणजे, अनवस्थेची भीती कुमारिलांना ठाऊक होती आणि तिचे उत्तरही त्यांनी दिले आहे. शंकेला कारण असेल तर तपासावे, पण तीन-चार ज्ञानांच्या पलीकडे जाण्याची गरज नाही, असे त्यांचे मत होते. ही व्यवहारी मर्यादा आपल्यालाही पुरेशी आहे. सर्व्हरची नोंद, बाहेरच्या दूरच्या ठिकाणाहून घातलेली साद, खऱ्या वापरकर्त्यांच्या ब्राउझरमधला वेळ, आणि सुरू करून पूर्ण न झालेल्या कामांची गणती: हे चार साक्षीदार एकमेकांना दुजोरा देत असतील, तर तिथे थांबणे शहाणपणाचे आहे. परिपूर्ण पहारा कुणालाच जमणार नाही. पण परिपूर्णता अशक्य आहे हे एकाच, आणि तेही सर्वांत सोयीच्या, साक्षीदारावर निकाल देण्याचे कारण होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप असा, की जास्त पाहणे म्हणजे जास्त पाळत ठेवणे. माणसाच्या प्रत्येक क्लिकची नोंद करणाऱ्या यंत्रणांनी आधीच पुरेसा अनर्थ केला आहे; करुणेच्या नावाखाली त्यांना आणखी एक निमित्त का द्यावे? हा आक्षेप मी मनापासून गंभीर मानतो. पण पाहायचे काय यात फरक करता येतो आणि केलाच पाहिजे. आपल्याला आपल्या सेवेवर पहारा ठेवायचा आहे, तिच्याकडे आलेल्या माणसावर नाही. एक पान अमुक जिल्ह्यातून, अमुक प्रकारच्या जोडणीवर उघडायला अकरा सेकंद लागले, एवढे कळले की काम भागते. ते कुणी उघडले, का उघडले, नंतर ती व्यक्ती कुठे गेली, हे कळण्याची गरज नसते, म्हणून ते साठवण्याचा अधिकारही नसतो. उलट ज्यांना ग्राहकाची नस नि नस ठाऊक असते, पण तो आपल्या दारात किती वेळ उभा राहिला हे सांगता येत नाही, त्यांनी काय पाहायचे याची निवड आपल्या फायद्याने केलेली असते. याच आक्षेपाचा एक जोडभाऊ कामाच्या ठिकाणी भेटतो: इतके अलर्ट वाजतील की शेवटी कुणी लक्षच देणार नाही. तेही खरे आहे. अलर्टच्या भडिमारात बुडालेला पहारेकरी झोपलेल्या पहारेकऱ्याहून फारसा वेगळा नसतो. म्हणून यंत्राच्या प्रत्येक हालचालीवर घंटा वाजवू नये. माणसाचे काम अडले तरच वाजवावी, आणि वाजली की कुणीतरी उठलेच पाहिजे अशी तिची पत राखावी.

तिसरा आक्षेप धार्मिक वळणाचा आहे. गीता फळावर नजर न ठेवता कर्म करायला सांगते. मग आपल्या कामाचा परिणाम मिनिटा-मिनिटाला मोजत बसणे ही आसक्तीच नव्हे का? मला वाटते, हा आक्षेप फळ कुणाचे हे विसरतो. सोडायची आहे ती आपल्याला मिळणाऱ्या फळाची ओढ: बढती, वाहवा, कंत्राटाचे नूतनीकरण, अहवालातला सुंदर आलेख. समोरच्या माणसाचे थांबणे हे आपले फळ नाही. ते त्याच्या आयुष्यातून गेलेले क्षण आहेत आणि त्यांचा हिशेब ठेवणे हा आपल्या कर्माचाच भाग आहे. वैद्याने औषध द्यावे आणि रोग्याकडे वळूनही पाहू नये, याला कुणी निष्काम म्हणणार नाही. ती बेपर्वाई झाली. तिसऱ्या अध्यायातला लोकसंग्रहाचा विचार ज्ञानी माणसाला लोकांच्या धारणेसाठी काम करत राहायला सांगतो, आणि लोक कुठे मोडून पडताहेत हे पाहिल्याशिवाय ते काम करता येत नाही. खरे तर आसक्तीची कसोटी इथेच लागते. यूट्यूबच्या त्या प्रयोगातला बिघडलेला सरासरी आकडा पाहून ज्याला आपल्या आलेखाची काळजी वाटेल तो फळाला चिकटलेला आहे. आकडा बिघडला याचा अर्थ नवी माणसे आत आली, हे पाहून जो आनंदला त्याने फळ सोडले, पण माणसे सोडली नाहीत.

मग योग्यता मिळवायची कशी? ‘घट असता तर दिसला असता’ हे वाक्य नुसते म्हणून चालत नाही. ते करून पाहता येते, आणि इथे अभियंता दार्शनिकापेक्षा भाग्यवान आहे. चाचणीसाठी राखलेल्या व्यवस्थेत, किंवा आधी सांगून ठरवलेल्या वेळी, मुद्दाम एक पान दहा सेकंद रेंगाळेल असे करावे आणि अलर्ट येतो का पाहावे. पाच टक्के मागण्याच तेवढ्या अडवाव्यात आणि त्या आलेखात उमटतात का तपासावे. एका दूरच्या ठिकाणची जोडणी मंद करावी. पान अर्धवट असताना निघून जावे आणि आपली नोंद कुठे राहिली का ते शोधावे. आणलेली अडचण पहाऱ्याला दिसली, तर त्याच्या मौनाला तेवढ्यापुरता अर्थ आला. दिसली नाही, तर आजवरच्या सगळ्या हिरव्या पट्ट्या पुराव्यातून वजा कराव्या लागतील. आणि ज्या भागाची अशी तपासणी झालेली नाही त्यापुढे ‘माहीत नाही’ असेच लिहावे. ज्या पडद्यावर फक्त हिरवा आणि लाल असे दोनच रंग असतात, तिथे न पाहिलेल्या गोष्टी आपोआप हिरव्यात जमा होतात. तिसरा, अज्ञानाचा रंग ठेवण्याइतका प्रामाणिकपणा प्रत्येक सार्वजनिक सेवेने दाखवला पाहिजे.

शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबाराचे उतारे, परीक्षांचे निकाल, दवाखान्यांच्या वेळा, पेन्शनचे दाखले, हे सगळे आता संकेतस्थळांवर गेले आहे आणि कित्येक कामांना दुसरे दार जवळजवळ उरलेले नाही. अशा वेळी प्रतिसादवेळेचा पहारा ही तंत्रज्ञांच्या खोलीतली किरकोळ सोय राहत नाही. सामान्य माणसाला त्याचा हक्क मिळतो की नाही याची ती साक्ष होते. म्हणून जो कुणी अशी सेवा चालवतो, तिच्यासाठी पैसे देतो किंवा तिच्या अहवालावर सही करतो, त्याला माझी विनंती आहे. ‘अडचण नाही’ असे लिहिण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. सर्वांत दूरच्या माणसाच्या जागेवरून पाहिले का? सर्वांत गर्दीच्या मिनिटाला पाहिले का? निघून गेलेल्यांची गणती केली का? आणि मुद्दाम आणलेली अडचण आपल्या पहाऱ्याला दिसली का? चारही उत्तरे ‘हो’ असतील, तरच ते वाक्य लिहा. नसतील, तर ‘आम्ही अजून पाहिलेले नाही’ असे लिहा आणि पाहायला लागा.